मूळ रूप कोणते? : पुनःसंस्कारित कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

प्रस्तावना

जुन्या शस्त्रांच्या संग्रहव्यवहारात 'मूळ' या विशेषणाइतके वजनदार आणि तितकेच अव्याख्यात विशेषण दुसरे नाही. वस्तू कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडली ती तिची मूळ स्थिती, त्यानंतर तिच्यात जे बदल झाले ती विकृती, आणि जीर्णोद्धार म्हणजे त्या विकृतीचे निवारण, अशी सरळ मांडणी संग्राहक, विक्रेते आणि काही प्रमाणात वस्तुसंग्रहालयेही गृहीत धरतात. एकाच कारागिराच्या हातून एकदाच घडलेल्या वस्तूच्या बाबतीत ही मांडणी बरीचशी निभावून जाते. परंतु जे शस्त्र खुद्द सैन्याने अधिकृत आदेशान्वये दुरुस्तीसाठी परत पाठविले, ज्याची नळी कापविली, ज्यावर नवी झिलई चढविली आणि जे पुन्हा सैनिकाच्या हाती दिले, त्याच्या बाबतीत ती अपुरी पडते. अशा शस्त्राच्या आयुष्यात कारखान्यातून बाहेर पडण्याचे दोन प्रसंग असतात, आणि दोन्ही प्रसंगी त्याच्यावर सरकारी तपासनिसाची मोहोर उमटलेली असते. यांपैकी मूळ कोणते, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकन सैन्याच्या १८७३ च्या नमुन्याच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या आधारे केला आहे. या शस्त्राविषयी अभ्याससाहित्य विपुल आहे. रॉन ग्रॅहम, जॉन कोपेक आणि केनेथ मूर यांचा १९७६ चा अभ्यासग्रंथ आणि कोपेक व स्टर्लिंग फेन यांनी १९९४ मध्ये केवळ सैनिकी कोल्टविषयी सिद्ध केलेला ग्रंथ यांनी या क्षेत्राला जवळजवळ शास्त्राचे रूप दिले. असे असूनही, ओळख पटविण्याचे शास्त्र जेवढे पुढे गेले तेवढा जीर्णोद्धाराविषयीचा विचार पुढे गेलेला दिसत नाही. या दोहोंमधील अंतर हाच प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे.

एका शस्त्राची दोन आयुष्ये

हार्टफर्ड येथील कोल्ट कंपनीचे .४५ व्यासाचे हे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारले. पहिली मागणी ८,००० नगांची होती. १८९१ पर्यंत सरकारने एकूण सुमारे ३७,००० नग विकत घेतले. घोडदळासाठी घेतलेल्या या शस्त्राची नळी साडेसात इंच लांबीची होती. नळी, सिलिंडर आणि मुठीभोवतीची पट्टी यांना निळसर काळी झिलई असे. फ्रेम व घोडा यांवर मात्र हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडविल्यामुळे येणाऱ्या निळ्या, करड्या व पिंगट छटा असत. मूठ अक्रोडाच्या एकसंध लाकडाची, तेल मुरविलेली. फ्रेमच्या डाव्या अंगावर 'यू. एस.' ही अक्षरे आणि पेटंटच्या तारखा, आणि मुठीच्या लाकडावर सरकारी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा ठसा. ऑर्व्हिल एन्सवर्थ हा या मालिकेतील पहिला तपासनीस. १८८० च्या दशकात बहुतांश काम डेव्हिड क्लार्क याने पाहिले, आणि १८९०-९१ मधील शेवटच्या खरेदीवर रिनाल्डो कार याची आद्याक्षरे आढळतात.

१८९२ मध्ये सैन्याने .३८ व्यासाचे नवे कोल्ट स्वीकारले आणि ही जुनी रिव्हॉल्व्हर कोठारांत जमा होऊ लागली. १८९५ पासून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळा आणि कोल्टचा कारखाना या दोन ठिकाणी हजारो नग खोलण्यात आले, स्वच्छ करण्यात आले, साडेसात इंची नळी साडेपाच इंचांवर आणण्यात आली, झिजलेले भाग बदलण्यात आले, नवी झिलई देण्यात आली, आणि तपासणीअंती मुठीवर पुन्हा ठसा उमटला. या वेळचा ठसा कार याचाच, म्हणजे 'आर. ए. सी.' असा. हे काम १९०३ पर्यंत चालले. या आखूड नगांना संग्राहक 'आर्टिलरी' म्हणतात. हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण ते तोफखान्यापुरते मर्यादित कधीच नव्हते. पायदळातही ते वापरले गेले.

या दुसऱ्या आयुष्याचा ऐतिहासिक संदर्भ पहिल्याइतकाच ठळक आहे. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात आणि त्यापाठोपाठ १८९९ मध्ये सुरू झालेल्या फिलिपाइन्सच्या युद्धात ही आखूड नळीची कोल्ट वापरात होती. नव्या .३८ च्या गोळीने शत्रू थांबत नाही, अशा तक्रारी फिलिपाइन्समधून आल्या आणि जुन्या .४५ ला पुन्हा मागणी आली. १९११ मध्ये सैन्याने .४५ व्यासाचेच स्वयंचलित पिस्तूल स्वीकारले, त्यामागे हा अनुभव होता. तात्पर्य, साडेसात इंची नळी ही अमेरिकेच्या पश्चिमेकडील मैदानी प्रदेशांतील मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमांची साक्ष आहे, तर साडेपाच इंची नळी ही समुद्रापारच्या साम्राज्यविस्ताराची. लोखंड तेच, साक्ष दोन.

ओळख : विसंगती हाच पुरावा

पुनःसंस्कारित नग ओळखण्याच्या पद्धतीत एक मनोरंजक विरोधाभास आहे. कोणत्याही जुन्या शस्त्राच्या बाबतीत सर्व भागांवरील क्रमांक जुळणे हा अस्सलतेचा पहिला निकष मानला जातो. सैनिकी कोल्टवर फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीमागची पट्टी यांवर क्रमांक असतो. नळीवर व सिलिंडरवर तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे अंक असतात. परंतु शस्त्रशाळेत शेकडो नग एकदम खोलले गेले, भाग वेगवेगळ्या ढिगांत साफ झाले आणि हाताला येतील तसे पुन्हा जोडले गेले. क्रमांक जुळविण्याची गरज सैन्याला वाटली नाही. भाग परस्परांत बसतात एवढे पुरेसे होते. परिणामी १८७४ च्या फ्रेमवर १८८० च्या दशकातील नळी आणि तिसऱ्याच नगाचे सिलिंडर असणे ही आर्टिलरी नगाची स्वाभाविक अवस्था आहे. सुरुवातीच्या काही नगांत मूळ नळीच कापून त्याच फ्रेमवर ठेवली गेली आणि क्रमांक जुळते राहिले, हे खरे. पण असे नग थोडे. एरवी सर्व क्रमांक नीट जुळणारा आर्टिलरी नग समोर आला, तर अभ्यासकाने आनंदित होण्याऐवजी सावध व्हावे.

क्रमांकांखेरीज इतरही खुणा बोलतात. सुरुवातीच्या नळ्यांवर कंपनीचे नाव व पत्ता तिरप्या वळणाच्या अक्षरांत आहे. पुढे तो सरळ उभ्या अक्षरांत येतो. फ्रेमवर सुरुवातीला १८७१ आणि १८७२ या दोनच पेटंटच्या तारखा होत्या. १८७५ ची तिसरी तारीख नंतर आली. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे टोक आधी गोल चकतीसारखे होते, नंतर चंद्रकोरीसारखे झाले. तेव्हा तिरप्या अक्षरांची नळी तीन तारखांच्या उशिराच्या फ्रेमवर दिसली, तर दोन काळ एकत्र आल्याचे क्रमांक न पाहताही समजते. नळी तोंडाकडून कापलेली असल्यास पत्त्याचा मजकूर तोंडाजवळ सरकलेला दिसतो, कारण तो साडेसात इंची लांबीच्या हिशेबाने उमटविलेला असतो. पुढची माशीही नव्याने बसवावी लागते, आणि तिच्या बुडाशी जोडकामाची खूण भिंगाखाली सापडू शकते.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र पृष्ठभागाच्या थरांचा आहे. येथे पुरातत्त्वातील स्तरविज्ञानाचा नियम जसाच्या तसा लागू पडतो : वरचा थर नंतरचा. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी झिलई पोहोचलेली असेल, तर झिलई खड्ड्यांनंतरची; म्हणजे शस्त्र आधी गंजले, मग त्याला नवे रूप मिळाले. खड्ड्यांनी झिलई फोडली असेल, तर क्रम उलट. ठशांचेही तसेच. धातूवर ठसा मारला की अक्षराच्या कडेला धातू किंचित उचलला जातो, बोटाला क्वचित जाणवेल इतकाच. नंतर पृष्ठभाग घासला गेल्यास ही उचललेली कड सपाट होते, अक्षर उथळ होते, त्याच्या टोकाच्या बारीक रेषा आधी जातात. अक्षराच्या खाचेत झिलई असणे आणि खाच झिलईला छेदून गेलेली असणे, या दोन स्थितींमधला फरक हाच अस्सल ठसा आणि नंतर मारलेला बनावट ठसा यांतील फरक ठरू शकतो.

झिलईची घडणही काळ सांगते. एकोणिसाव्या शतकातील निळी झिलई कोळशाच्या भट्टीतील उष्णतेने येत असे. ती वयानुसार पिंगट होत जाते आणि हाताळणीच्या जागी, नळीच्या तोंडाशी, म्यानाच्या घर्षणाच्या जागी आधी उडते. क्षारांच्या तप्त द्रावणात बुडवून काळी झिलई देण्याची पद्धत १९३० च्या दशकानंतर रूढ झाली. ती एकसारखी गडद असते आणि स्क्रूच्या आट्यांत, छिद्रांच्या आतही शिरते. अशी झिलई असलेला नग '१९०० मध्ये शस्त्रशाळेत पुनःसंस्कारित' म्हणून कोणी दाखवीत असेल, तर त्या दाव्यात तथ्य नाही. फ्रेमच्या रंगछटांबाबत सावधगिरी अधिकच हवी. गॅसच्या ज्योतीने किंवा आम्लाने आणलेल्या बनावट छटा प्रथमदर्शनी आकर्षक दिसतात. अस्सल छटा शंभर वर्षांत बहुधा राखाडी पडलेल्या असतात आणि आडोशाच्या जागीच तग धरून राहिलेल्या असतात.

एक अपवाद येथे नोंदविणे आवश्यक आहे. पुनःसंस्कार झालेले सर्वच नग आखूड केले गेले नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या मिलिशियाला दिलेल्या नगांवर कार याचा ठसा आहे, झिलई नवी आहे, पण नळी साडेसात इंचीच राहिली. म्हणजे 'लांब नळी आणि कारचा उशिराचा ठसा' हा संयोग पाहताच बनावट म्हणून निकाल देणे घाईचे ठरते. आणि नेमक्या याच अपवादाच्या आडोशाने आखूड नगाची नळी बदलून तो 'घोडदळाचा' म्हणून विकणाऱ्यांचे फावते.

पाठचिकित्सेशी साम्य आणि एक भेद

मराठी वाचकाला या साऱ्या प्रक्रियेत एका परिचित शास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी त्या कामाला जी शिस्त लावली, तिचे सार असे सांगता येईल : उपलब्ध हस्तलिखितांच्या परंपरा लावून घ्यायच्या, उत्तरेकडील व दक्षिणेकडील पाठांची तुलना करायची, आणि पुराव्याच्या बळावर जेवढ्या मागे जाता येईल तेवढ्या मागच्या पाठापर्यंत पोहोचायचे. व्यासांच्या लेखणीतून उतरलेला मूळ पाठ आपल्याला सापडला, असा दावा त्या आवृत्तीने कधीही केला नाही. कोल्टच्या नगावरील ठसे, तारखा, अक्षरवळणे व झिलईचे थर वाचणारा अभ्यासक हेच करीत असतो. वेगवेगळ्या नगांतून आलेले भाग म्हणजे संमिश्र पोथी. कारचा ठसा म्हणजे दुसऱ्या लेखकाची पुष्पिका.

पण एक भेद असा आहे, की त्यावर जीर्णोद्धाराचा सारा प्रश्न उभा आहे. चिकित्सक आवृत्तीने ज्या श्लोकांना प्रक्षिप्त ठरविले, ते नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत गेले. उद्या एखाद्या अभ्यासकाला संपादकांचा निर्णय अमान्य झाला, तर तो तळटीप उघडून पाठ पुन्हा वर आणू शकतो. जीर्णोद्धारकाच्या बफिंगच्या चाकाला तळटीप नाही. १८९५ नंतरचा थर त्याने एकदा उडवला, की तो कोणत्याही परिशिष्टात शिल्लक राहत नाही. तो कार्यशाळेच्या जमिनीवरील धुळीत असतो. ज्या क्षेत्रात निर्णय चुकीचा ठरल्यास तो फिरविता येत नाही, त्या क्षेत्रात निर्णय घेण्याचा अधिकारच संकुचित असायला हवा.

'मूळ' रूपाकडे नेणाऱ्या जीर्णोद्धाराची समीक्षा

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आर्टिलरी नगाचा जीर्णोद्धार करणे म्हणजे संग्राहकांच्या बोलीत बहुधा त्याला पुन्हा घोडदळाचे रूप देणे. साडेसात इंची नळी मिळवायची किंवा नवी बनवून घ्यायची, खड्डे वेल्डिंगने भरायचे, कडा पुन्हा तीक्ष्ण करायच्या, पुसट अक्षरे नव्या छापांनी ठळक करायची, फ्रेमला पुन्हा भट्टीतून काढायचे आणि मुठीचे लाकूड घासून नवा ठसा मारायचा. काम कुशल असेल, तर डोळ्यांना सुखावणारी वस्तू तयार होते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ती कशाची साक्ष देते?

या व्यवहाराला प्रेरणा देणारी शक्ती सौंदर्यदृष्टी नसून बाजार आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आणि बाजारामागे एक विशिष्ट स्मृती आहे. २५ व २६ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा, शायान आदी जमातींनी कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या तुकडीचा निःपात केला. त्या घोडदळाकडे याच नमुन्याची कोल्ट रिव्हॉल्व्हर होती. साहजिकच एन्सवर्थच्या तपासणीतील सुरुवातीच्या क्रमांकांच्या नगांना अपार किंमत येते. आर्टिलरी नगांच्या जोडणीत क्रमांकांची सरमिसळ झालेली असल्यामुळे एखाद्या आखूड नगाची फ्रेम अशा सुरुवातीच्या क्रमांकाची असू शकते. अशी फ्रेम हाती लागली, की तिला 'तिच्या मूळ वैभवाकडे' नेण्याचा मोह अनावर होतो. पण या मोहापायी पुसले जाते ते केवळ शस्त्रशाळेचे काम नव्हे. कस्टरच्या पराभवाभोवती अमेरिकन लोकस्मृतीने जी रम्य शोकांतिका विणली, ती अधिक ठळक करण्यासाठी फिलिपाइन्सच्या युद्धाचा अस्सल, दस्तऐवजी थर घासून टाकला जातो. ते युद्ध आधीच विस्मृतीत ढकललेले. त्याची वस्तुरूप साक्षही कानशीच्या तोंडी द्यायची. एका युद्धाच्या स्मरणासाठी दुसऱ्याचा पुरावा नष्ट करणे याला जीर्णोद्धार म्हणावे काय, हा प्रश्न संग्राहकांनी स्वतःला विचारलेला फारसा आढळत नाही.

जीर्णोद्धाराच्या सिद्धान्तचर्चेत हा मुद्दा नवा नाही. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक याने इमारतीला जी पूर्णावस्था कदाचित कधी प्रत्यक्षात नव्हतीच, ती देणे हाच जीर्णोद्धार मानला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने अशा कामाला असत्य ठरविले. व्हिएन्नाचा कलेतिहासकार अलोइस रीगल याने १९०३ मध्ये वस्तूच्या वयोमूल्याचा आणि इतिहासमूल्याचा भेद स्पष्ट केला. योगायोग असा, की पुनःसंस्काराचे काम संपले तेही हेच वर्ष. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत दोन तत्त्वे मान्य केली : प्रत्येक काळाने घातलेल्या ग्राह्य भरीचा आदर राखावा, आणि जेथे तर्काने भर घालावी लागते तेथे काम थांबवावे. वास्तूंसाठी मान्य झालेली ही तत्त्वे शस्त्रांच्या दालनात शिरताना मात्र उंबरठ्यावरच अडली आहेत. आपल्याकडे तरी वास्तूंच्या बाबतीत ती कितपत पाळली जातात, हे हेमाडपंती देवळांच्या दगडी खांबांवर जीर्णोद्धाराच्या नावाने चढलेला ऑइल पेंट पाहिला की कळते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद दुर्बळ नाही. सैन्याने स्वतः हे शस्त्र कापले, घासले, रंगविले. भावनेला त्यात थारा नव्हता. मग सव्वाशे वर्षांनी आपणच एवढे हळवे का व्हावे? कारागिराने तेव्हा जे केले तेच आज केले तर बिघडले काय? याचे उत्तर कृतीत नसून तिच्या स्थानात आहे. १८९५ ते १९०३ मधील काम शस्त्राच्या उपयोगाचा भाग होते. ते कोणालाही फसविण्यासाठी केलेले नव्हते, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची आद्याक्षरे आहेत. आजचे काम उपयोग संपल्यानंतरचे आहे. त्याचा हेतू पूर्वीचा काळ दाखविणे हा आहे आणि ते यशस्वी तेव्हाच होते जेव्हा ते ओळखू येत नाही. स्मिथ अँड वेसन या कंपनीने कारखान्यात परत आलेल्या नगांवर क्रमांकाशेजारी चांदणी आणि मुठीखाली दुरुस्तीची तारीख उमटविण्याची प्रथा ठेवली होती. ही प्रामाणिक दुरुस्ती. काही आधुनिक जीर्णोद्धारकही आपली खूण ठेवतात. परंतु खूण पुसणारा पुढचा मालक भेटणार नाही याची हमी कोण देणार?

सैन्यातून शस्त्र विकले गेल्यानंतर जे बदल झाले, त्यांचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. जुना साठा विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी चमक आणण्यासाठी दिलेला निकेलचा मुलामा, एखाद्या गुराख्याने आपल्या सोयीने कापलेली नळी, हौशी मालकाने बसविलेली हस्तिदंती मूठ, यांना कारच्या ठशाची प्रतिष्ठा देता येणार नाही. तरीही निकेल काढावे, असे मी सुचविणार नाही. रसायनाने निकेल उतरविले, की खाली १८७३ ची झिलई सापडत नाही. उघडा धातू सापडतो, कारण मुलामा देण्यापूर्वीच ती घासून काढलेली असते. म्हणजे खोटा थर काढून खरा थर हाती येईल ही आशाच बहुधा निराधार असते.

काय करावे आणि काय करू नये

यावरून काहीच करू नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. चालू गंज हा शत्रू आहे. तो इतिहासाचा थर नव्हे. कोकणासारख्या दमट हवेत तर पावसाळ्याचे चार महिने पुरेसे होतात. सुटा, नारिंगी गंज हलके तेल आणि मऊ साधन यांनी काढता येतो. घट्ट बसलेला, रापलेला काळपट थर मात्र तसाच ठेवावा. त्यानंतर सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा पातळ लेप द्यावा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात विकसित झालेले या जातीचे मेण आज जगभर वापरले जाते आणि विद्रावकाने ते सहज निघते, हा त्याचा मोठा गुण. मुठीच्या लाकडाला पॉलिशपेपर लावू नये, कारण ठसा लाकडात जेमतेम काही दशांश मिलिमीटर खोल असतो आणि तपासनिसाचे नाव व वर्ष एका दुपारच्या उत्साहात निघून जाते. चामड्याच्या म्यानात शस्त्र ठेवू नये. चामड्यातील आम्ले आणि ओल धातूला खातात. दांडी किंवा स्क्रू हरवला असेल, तर नवा भाग बसविण्यास हरकत नाही, मात्र त्याच्या आतील बाजूस वर्ष कोरून ठेवावे. आणि यापैकी काहीही करण्यापूर्वी प्रत्येक ठशाचे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे.

आपल्याकडील संग्रहांना हा मुद्दा परका नाही. शस्त्रांना शिकल करणारा शिकलगार हा मराठी मुलखातील जुना, मानाचा कारागीर. दसऱ्याला शस्त्रे पूजेस काढायची तर ती लखलखीत हवीत, ही धारणाही जुनी. जोवर शस्त्र घरात, वापरात व पूजेत होते तोवर शिकल हा त्याच्या जीवनक्रमाचाच भाग होता, आणि कारच्या कारागिरांप्रमाणे शिकलगारालाही दोष देता येणार नाही. परंतु तेच शस्त्र संग्रहालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाच्या कपाटात आल्यानंतरही पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्याला चिंचेने व राखेने घासण्याची रीत चालू राहते, तेव्हा पात्यावरील उरलासुरला लेख, कारखान्याची मोहोर, मालकाचा क्रमांक दरवर्षी थोडाथोडा झिजतो. शस्त्र स्वच्छ होते आणि मुके होते.

नोंदवहीचाही येथे विचार करावा लागतो. बहुतेक संग्रहालयांच्या नोंदवहीत 'काळ' या शीर्षकाखाली एकच रकाना असतो, आणि नोंद करणारा त्यात एकच वर्ष लिहितो. 'कोल्ट, अमेरिका, १८७३' अशी नोंद झाली, की पुढचा प्रत्येक रखवालदार त्या वर्षाकडे पाहून साडेपाच इंची नळीला दोष समजू लागतो, आणि मग कोणीतरी तो दूर करण्याची सूचना करतो. त्याऐवजी फ्रेमचा काळ, नळीचा काळ, सिलिंडरचा काळ, मुठीवरील पहिला ठसा, मुठीवरील दुसरा ठसा, झिलईचा प्रकार आणि तिचा अंदाजे काळ, सैन्यसेवेनंतरचे बदल, संग्रहालयात आल्यानंतर केलेले उपचार व ते करणाऱ्याचे नाव, अशा स्वतंत्र ओळी असाव्यात. ज्या ओळीचे उत्तर ठशांवरून वा थरांवरून मिळत नाही, ती कोरी ठेवावी आणि पेन्सिलीने तारीख घालून ठेवावी, म्हणजे ती कधीपासून कोरी आहे हे पुढच्या अभ्यासकाला कळेल.